सांगून रुसणारी चतुराबाई

"रुसायचं तर सांगून रुसावं. न सांगता रुसणं म्हंजी आपल्याच घरात चोरी."

चतुराबाईचं हे बोलणं गावात कुणाला माहीत नाही असं नाही. गावात नवी सून आली, की चतुराबाई तिची ओटी भरायची, हनुवटीला हात लावून तोंड बघायची आणि उठता उठता तिच्या कानात हेच सांगायची. सुनेला वाटायचं, म्हातारी थट्टा करतेय. पण रुसण्याच्या बाबतीत चतुराबाईनं कधी थट्टा केली नाही.

अर्धापूर सोडून कालव्याच्या कडेनं पुढं गेलं, की दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागतात. वाऱ्यानं पानं फाटतात आणि ती फाटकी पानं दिवसभर एकमेकींच्या कानाला लागतात. त्या बागांच्या पोटात हे गाव आहे आणि गावाच्या कालव्याकडच्या टोकाला चतुराबाईचं घर. उंच, सावळी, आवाजानं मोठी बाई. नवरा श्रीमंत वारला त्याला काही वर्षं झाली. घरात मुलगा निवृत्ती, सून सुकन्या. नात शिवांगी नांदेडला नर्सिंगच्या शाळेत. मुलगी सिंधु लातूरला दिलेली.

चतुराबाईच्या रुसण्याला रीत होती. सकाळी चूल पेटायच्या आधी ती घराच्या मधोमध उभी राहायची आणि कारण सांगायची. काय केलं म्हणजे ती जेवेल, तेही सांगायची. मग सगळ्यांचा स्वयंपाक करायची, सगळ्यांना वाढायची, कुणाला उपाशी ठेवायची नाही. शेवटी आपलं ताट घासून आणायची आणि भिंतीशी पालथं घालायची. ते पालथं ताट घरातल्या प्रत्येकाला जाता-येता दिसायचं. ती मात्र त्याच्याकडे बघायचीही नाही. शेत तिच्या नावावर नव्हतं, घर नव्हतं, गोठ्यातली ढोरं नव्हती. स्वतःचं तोंड तेवढं तिच्या नावावर होतं, आणि ते केव्हा उघडायचं हे ती ठरवायची.

असं ती आयुष्यात तीनदा रुसली. पहिल्यांदा सिंधुसाठी. पोरीला सातवीनंतर अर्धापूरच्या शाळेत घालायला श्रीमंत तयार नव्हता. ताट पालथं पडलं, आणि दुसऱ्या आठवड्यात सिंधु दप्तर घेऊन अर्धापूरच्या गाडीत बसली. दुसऱ्यांदा म्हशीसाठी. श्रीमंतनं तिला न विचारता तिची म्हैस बाजारात विकली होती. "म्हैस दारात आली की जेवीन," एवढंच ती बोलली. श्रीमंत मुदखेडपर्यंत म्हशीच्या मागावर गेला, नव्या मालकाच्या पाया पडला आणि म्हैस घेऊन आला. गावानं म्हशीवर गुलाल टाकला. तिसऱ्यांदा तिच्या दोन दिरांसाठी. बांधावरून दोघं बोलेनासे झाले होते. दोघं एका पंगतीला बसेपर्यंत तिनं घास घेतला नाही. बसले. जेवताना एकमेकांकडे बघितलं नाही, पण बसले.

तेव्हा ही बाई जेवत नाही असं कळलं, की गाव "काय झालं" असं विचारत नसे. "काय पाहिजे" असं विचारत असे. निवृत्तीही त्याच घरात वाढला होता.

मागच्या साली गणपती उठले त्या सुमारास चतुराबाई जेवता जेवता थांबली. हातातला तुकडा ताटात ठेवला, पाणी प्याली, छातीच्या हाडावर मधोमध बोट ठेवलं.

"निवृत्ती, भाकर हितं थांबून राहिली रे. खाली जाईना."

"घाईनं खाल्ली असशील."

"घाई कशाची? मला कुठं गाडी धरायचीय?"

तो तुकडा थोड्या वेळानं गेला. पण पुढं रोजचंच झालं. कधी भाकर अडकायची, कधी भात. ती उठून उभी राहायची, पाठ ताणायची, वर आढ्याला हात लावायची, पाणी प्यायची. कधी त्यानं वाट मोकळी व्हायची. कधी खाल्लेलं तसंच तोंडाशी यायचं आणि ती पदर तोंडाला लावून गोठ्यामागं जायची.

आता झालं असं, की त्याच आठवड्यात घरात बैठक बसली होती. माहूरकडचं स्थळ शिवांगीला आलं होतं. घरची शेती, देवीच्या गडाखाली नारळ-प्रसादाचं दुकान, मुलगा एकुलता. निवृत्तीला स्थळ पसंत पडलं. बैठकीत चतुराबाई सगळ्यांदेखत म्हणाली होती, "पोरीचं शिक्षण तरी हू द्या. अर्ध्यात काढलेला घड पिकत न्हाई, नुसता काळा पडतो." कुणी ऐकलं नाही. सुपारी फुटली. आणि त्यानंतर चतुराबाईचं जेवण कमी होत गेलं.

दोन आणि दोन चार करायला कुणाला गुरुजी लागत नाही. निवृत्तीनं तेच केलं.

"माय, रुसलीस का?"

"न्हाई रे. रुसले असते तर सांगितलं असतं. अडकतंय."

"अडकतंय म्हंजी काय अडकतंय? आजवर दगड पचवले तू."

"पचवायला आत तर गेलं पाहिजे!"

सुकन्याला वेगळंच वाटलं. तिनं वर्षभरापूर्वी चूल बंद करून भाकरी गॅसवर सुरू केली होती. ती एका सकाळी मुकाट्यानं चूल सारवून बसली. "आत्याबाई, चुलीवरची करू का? गॅसची आवडंना का तुम्हाला?" चुलीवरची भाकरी झाली, तव्यावरून उतरून निखाऱ्यावर टम्म फुगली. चतुराबाईनं ती हातात घेतली, वास घेतला. अर्धी खाल्ली. मग गोठ्यामागं गेली. सुकन्या चुलीसमोर बसून रडली, आणि दुसऱ्या दिवशी परत चुलीवरच केली.

गावालाही मजा होती. पारावरून कुणीतरी हाक मारायचंच, "चतुराकाकू, औंदा कुणाची म्हैस आणायची?"

"तुझ्या बापाची," ती म्हणायची. आवाज तेवढाच मोठा असायचा. पण चोळी दंडावर सैल झाली होती आणि बांगड्या कोपरापर्यंत जात होत्या.

शिवांगी नांदेडहून फोन करायची. "आजी, माझ्यासाठी स्वतःच्या जिवावर नको उठू गं."

"तुझ्यासाठी न्हाई बाई. मला भूक लागती, पण जात न्हाई."

शिवांगीला वाटायचं, आजी मला वाईट वाटू नये म्हणून असं बोलते. तिला आजीचा आणखीच अभिमान वाटायचा.

दिवाळीनंतर निवृत्तीनं मायला नांदेडला नेलं. नेलं नाही असं त्याला कुणी म्हणू नये. दवाखान्यात तोंडातून दुर्बीण घालून बघितलं. गाठ नाही, जखम नाही, असं सांगितलं. गाठ नाही म्हटल्यावर निवृत्तीची भीती गेली, आणि तिच्या जागी राग येऊन बसला. म्हणजे काहीच नाही तर! तिथल्याच डॉक्टरनं एकदा मनाच्या डॉक्टरला दाखवा म्हटलं. तेही दाखवलं.

मनाचे डॉक्टर शांत माणूस होते. त्यांनी निवृत्तीला विचारलं, "यापूर्वी कधी जेवण सोडलं होतं का?"

निवृत्तीनं तिन्ही गोष्टी सांगितल्या. शाळेची, म्हशीची, दिरांची. आपल्या मायची गोष्ट सांगताना माणसाचा आवाज चढतोच, त्याचाही चढला. म्हशीच्या गुलालापर्यंत सगळं सांगितलं. डॉक्टर ऐकत होते, लिहीत होते.

"आणि आता जेवल्यावर उलटी होते?"

"हाव. गोठ्यामागं जाऊन बोटं घालून काढती."

हे त्यानं पाहिलं नव्हतं. वाकलेली पाठ लांबून पाहिली होती. बाकीचं त्याच्या रागानं भरून काढलं.

चतुराबाई शेजारच्या खुर्चीत बसली होती. तिनं मान वळवून मुलाकडे बघितलं आणि मग डॉक्टरला म्हणाली, "साहेब, मला भूक लागती."

"लागेल, लागेल. या गोळ्यांनी अजून चांगली लागेल," डॉक्टर म्हणाले. जे कानावर पडलं होतं, त्यावरून कुणीही तेच म्हटलं असतं. ज्या बाईनं जन्मभर न जेवता जगाला वाकवलं, ती आताही न जेवता काहीतरी मागते आहे, आणि ते तिचं तिलाही कळत नसेल. मन दुखलं की अन्न नको होतं, खाल्लेलं माणूस बाहेर काढतं, असा आजार असतो, असं त्यांनी समजावलं. घरच्यांनी प्रेमानं घ्यावं, म्हणाले.

गोळ्यांनी झोप यायची. गोळीसुद्धा कधी छातीत थांबायची. आडवं झालं की खोकला यायचा, आणि सकाळी उशी ओली असायची.

गावात बोलणं फिरलं. आधी लोक तिला हसत होते, आता निवृत्तीकडे बघायला लागले. लेकाच्या हट्टापायी माय झिजून चालली, असं पाणवठ्यावर बोललं गेलं आणि सुकन्याच्या कानी आलं. निवृत्ती बेजार झाला. एके दिवशी तो माहूरला गेला आणि सुपारी मोडून आला. फुटलेली सुपारी मोडायची म्हणजे आपल्या हातानं आपलं नाक कापायचं. चार माणसांत तो मुलाच्या बापापुढं हात जोडून उभा राहिला. परत आला तेव्हा दारातूनच म्हणाला, "मोडली. झालं मनासारखं?"

चतुराबाई भिंतीला टेकून बसली होती. "निवृत्ती, मी त्याच्यासाठी उपाशी न्हवते. पण मोडलीस ते बरं केलंस."

दोन वाक्यं बोलली. त्यानं दुसरं तेवढं ऐकलं.

त्या दिवशी सुकन्यानं शिरा केला. तूप सुटलेला, मऊ. सगळे भोवती बसले. आता उपास सुटणार, म्हणून शेजारणीही दारात आल्या. चतुराबाईनं दोन घास खाल्ले, तिसऱ्याला थांबली, पाणी प्याली, आणि पदर तोंडाला लावून उठली.

निवृत्ती जागेवरून ओरडला, "आता काय राहिलं गं? मी माझी इज्जत माहूरच्या गडावर ठेवून आलो! आता काय पाहिजे तुला?"

तिच्या तोंडात घास होता, खाली जात नव्हता आणि बाहेर काढायला लाज वाटत होती.

त्यानंतर मायलेक बोलेनात. शेवटी निवृत्तीनं सिंधुला फोन केला. "तू घेऊन जा. माझ्यानं होईना. तुझ्यासाठी रुसली होती एकदा, तुझं तरी ऐकंल."

सिंधु येऊन मायला लातूरला घेऊन गेली. निवृत्तीला दोन दिवस घर मोकळं वाटलं. मग रिकामं वाटायला लागलं.

मार्गशीर्ष संपता संपता येळवस आली. वेळ अमावस्या. लातूरकडे त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे खोपट, उभी करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, आणि आल्या-गेल्याला बोलावून जेवू घालायचं. शेंगादाण्यांची आणि पालेभाज्यांची भज्जी, बाजरीच्या पिठाचे उंडे, भाकरी, खीर, आणि माठात ताकातली आंबील. त्या दिवशी शेतावरून कुणी उपाशी जाऊ नये, म्हणून तिथं आग्रहाला लाज नसते. सिंधुनं भावाला निरोप धाडला होता. निवृत्ती गेला.

कोपीपुढं पंगत बसली होती. चतुराबाई पटकुरावर बसलेली, ज्वारीच्या धाटासारखी दिसत होती. निवृत्तीला बघून तिनं जागा सरकून दिली. तो बसला. बोलला मात्र नाही.

वाढणं झालं. चतुराबाई भज्जीकडे बघत होती. तिनं उंडा कुस्करला, त्यात भज्जी कालवली, बोटांनी लोण्यासारखं मऊ केलं. एक घास घेतला आणि थांबली. सिंधुचा सासरा समोरून म्हणाला, "विहीणबाई, येळवसेला असं चालत न्हाई. लेक आलाय. लेकाच्या हातचं खा!" सगळ्यांनी "हाव हाव" केलं. निवृत्तीनं उंड्याचा मोठा घास करून तिच्या तोंडासमोर धरला. हसत धरला, पण हसू खरं नव्हतं.

"खाय. समद्यांदेखत खाय."

तिनं त्याच्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं. एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. वर आंबील प्याली. लोक आपापल्या ताटाकडे वळले. मग ती उठली आणि कोपीच्या मागं, बोरीच्या कुंपणाकडे चालायला लागली.

निवृत्तीही उठला. आज हिला बोटं घालताना धरायचं आणि सगळ्यांसमोर उभं करायचं, हेच त्याच्या मनात होतं. ज्वारी आडवी सारत तो तिच्या मागं गेला.

चतुराबाई वाकली होती. डावा हात गुडघ्यावर होता. उजव्या हातानं तिनं बाभळीचा बुंधा धरला होता. दोन्ही हात त्याला स्वच्छ दिसत होते. तोंडाजवळ एकही नव्हता. आणि तरी खाल्लेलं बाहेर येत होतं, ओकारीच्या कळेशिवाय, भरलेल्या घागरीतून सांडावं तसं. उंडा तसाच, भज्जीतले वाटाणे तसेच. आंबीलही आली. आंबील तिला जन्मभर आवडायची.

निवृत्ती तिथंच ज्वारीत उभा राहिला. मागून सिंधु पाणी घेऊन आली होती. ती हळू आवाजात म्हणाली, "दादा, रोज असंच हाय. पाणीबी येतं कधी. रुसलेल्या माणसाला पाणी तर जातं ना?"

पाण्याचा तांब्या मायच्या हाताशी ठेवून ती परत निवृत्तीजवळ आली.

"तुला आठवतं का, माझ्या शाळंच्या वेळंला माय कशी रुसली होती? अन्नाकडं बघत नव्हती. ताट पालथं. आता माझ्या घरी येऊन इतके दिवस झाले, रोज ताट घेती, रोज बसती. शेजारच्या घरी फोडणी पडली तर मान वर करती. तुझ्याकडं कधी पालथं घातलं होतं का ताट?"

निवृत्तीनं आठवून बघितलं. चुलीवरच्या भाकरीचं ताट आठवलं, शिऱ्याचं ताट आठवलं. सगळी उताणी, वाढलेली. भिंतीशी एकदाही काही पालथं पडलं नव्हतं. आणि सकाळी घराच्या मधोमध उभं राहून तिनं कधी काही सांगितलंही नव्हतं. न सांगता रुसणं म्हणजे चोरी, हे त्यानं तिच्या तोंडून हजारदा ऐकलं होतं, आणि तरी सगळ्या गावानं मिळून तिला त्याच चोरीत धरलं होतं.

चतुराबाई तोंड धुऊन वळली. लेकाला बघून म्हणाली, "धरायला आला होतास व्हय?"

"हाव," तो म्हणाला.

"मग? सापडले का?"

दुसऱ्या दिवशी लातूरच्या पोटाच्या डॉक्टरकडे तिघं गेले. डॉक्टर बाई होत्या. त्यांनी निवृत्तीला काही विचारलं नाही, आधी चतुराबाईला विचारलं. कुठं अडकतं? तिनं छातीच्या हाडावर बोट ठेवलं. पाणी अडकतं का? कधी कधी. वर येतं ते आंबट असतं का? नाही, जसं खाल्लं तसंच. मग त्यांनी तिला यंत्रापुढं उभं केलं आणि हातात पेला दिला. खडू कालवल्यासारखं पांढरं, दाट औषध.

"हळूहळू प्या, आजी."

निवृत्ती काचेपलीकडून पडदा बघत होता. पडद्यावर मायच्या बरगड्या दिसत होत्या. पांढरी धार गळ्यातून खाली उतरली, छातीत रुंद होत गेली, आणि तळाशी येऊन थांबली. तिथं ती एकदम निमुळती झाली होती, केळफुलाच्या टोकासारखी. टोकातून एक बारीक दोरा खाली पोटात जात होता. बाकी सगळं वर तुंबून उभं होतं.

डॉक्टर बाईंनी समजावून सांगितलं. अन्ननलिकेच्या तळाला स्नायूचं एक कडं असतं. आपण गिळलं की ते सैल पडतं आणि अन्न पोटात जातं. यांचं सैल पडतच नाही. वरची नळीही आता ढकलत नाही. अकॅलेशिया म्हणतात याला.

"म्हंजी कालव्याचं गेट अडकलंय," निवृत्ती म्हणाला.

"तसंच समजा."

"पण नांदेडला दुर्बीण घातली होती. काही दिसलं न्हाई."

"ती गाठीसाठी घातली होती. गाठ नव्हतीच. हे सुरुवातीला दुर्बिणीत दिसेलच असं नाही. पाणी सोडून बघावं लागतं."

"मग हे मनाचं न्हाई?"

"नाही. पण असे पुष्कळ पेशंट मनाच्या गोळ्या खाऊनच माझ्याकडे येतात. जेवण नको असणं वेगळं आणि जेवण जात नसणं वेगळं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. माणूस वाळतो, ताट तसंच राहतं, खाल्लेलं बाहेर येतं. घरचे जे सांगतात त्यावर डॉक्टर जातो."

निवृत्तीनं खाली बघितलं. चतुराबाई तोवर आत आली होती. ओठांवर पांढरं तसंच होतं. तिनं तो फोटो हातात मागून घेतला, उजेडाकडे धरला आणि बोट ठेवलं.

"हितंच. म्या सांगितलं होतं की न्हाई, हितंच थांबतंय?"

"सांगितलं होतंस, माय."

"पहिल्याच दिवशी."

"हाव."

ती आणखी काही बोलेल म्हणून तो थांबला होता. फोटो पिशवीत घालून तिनं पिशवी त्याच्याच हातात दिली.

फुगा घालून ते कडं ताणायचं ठरलं. पुन्हा आवळलं तर पुन्हा ताणावं लागेल, हेही डॉक्टरांनी आधीच सांगितलं. ताणलं. चतुराबाईला थोडे दिवस पातळ, मग मऊ भात-वरण. जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, उशी उंच घ्यायची. सिंधुच्या घरी तिनं पहिल्यांदा भाताची वाटी संपवली तेव्हा सिंधुनं भावाला फोन करून नुसतं एवढंच सांगितलं, "संपवली." निवृत्ती त्या वेळी बागेत घड उतरवत होता. खांद्यावरचा घड खाली ठेवून तो पाटाच्या कडेला बसला, आणि गाडी भरणारी माणसं हाका मारेपर्यंत उठला नाही.

होळीच्या आधी चतुराबाई गावी परत आली. सुकन्यानं चूल सारवून ठेवली होती. भाकरी झाली, ठेचा झाला. शिवांगी सुट्टीला आली होती, तीही बसली. चतुराबाईनं तुकडा मोडला, सावकाश चावला, गिळला. सगळे तिच्या गळ्याकडे बघत होते.

"बघून काय राहिलात? पंगत हाय का तमाशा?"

"गेलं का, आत्याबाई?"

"गेलं. तुझी भाकर कच्ची हाय का पक्की हे आता कळलं. इतके दिवस नुसतं गोठ्याला माहीत होतं."

सुकन्या हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. शिवांगी म्हणाली, "आजी, मला वाटलं तू माझ्यासाठी करून राहिली. मी नर्स होऊन काय उपयोग!"

"अजून कुठं झालीस?" चतुराबाई म्हणाली.

तेच बोलणं पुढं आलं. दोन दिवसांनी दुपारच्या जेवणाला बसल्यावर निवृत्ती घास कालवत, वर न बघता म्हणाला, "माहूरवाल्यांचा फोन आला होता. माय आजारी होती हे त्यांना आता कळलं. राग न्हाई म्हणाले. पुन्हा बसू का म्हणून विचारून राहिले."

शिवांगीचा हात ताटात थांबला. सुकन्या नवऱ्याकडे बघायला लागली. चतुराबाईनं आपली भाकरी संपवली, ताटातला ठेचा शेवटच्या तुकड्यानं पुसून खाल्ला, पाणी प्याली. मग उठली. मोरीत जाऊन ताट घासलं, विसळलं, पदरानं पुसलं आणि ते हातात घेऊन घराच्या मधोमध येऊन उभी राहिली.

निवृत्तीचा घास हातातच राहिला.

"कारण सांगू?" ती म्हणाली.

तो तसाच उष्ट्या हातानं उठला. तिच्यासमोर गेला आणि त्यानं दुसऱ्या हातानं ताटाची कड धरली. मायलेक दोन्हीकडून एक ताट धरून उभे होते.

"नको, माय. सांगू नको."

"मग?"

"पोरगी शिकंल. शिक्षण झाल्याबिगर कुणाला बैठकीला बोलवायचं न्हाई. मी आजच कळवतो."

"तिलाबी विचारशील तेव्हा?"

"तिलाबी विचारीन."

चतुराबाईनं त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं, म्हैस खरीदताना दात बघावेत तसं. मग ताट सोडलं.

"काय रे हे," ती म्हणाली. "लई दिवसांनी रुसण्याइतकं अंगात आलं होतं. जेवता येतं त्यालाच रुसता येतं. तू रुसूबी दिलं न्हाईस."

शिवांगी तोंडावर ओढणी धरून हसत होती. चतुराबाईनं टोपलीतली एक भाकरी घेतली, तिच्यात ठेचा घातला, फडक्यात गुंडाळली. कोपऱ्यातली काठी घेतली.

"कुठं निघालीस उन्हाचं?" निवृत्तीनं विचारलं.

"बागंत. केळीच्या नव्या पिलांना पाणी सुटलंय का बघती. तू म्हणशील सुटलंय. पण बघितलेलं बरं."

ती पायऱ्या उतरली. म्हैस तिला बघून रेकली, तिच्याकडे न बघता ती पुढं गेली. पारावरून कुणीतरी हाक मारली, तिनं काठी वर करून उत्तर दिलं. कालव्याच्या बांधावर चढताना एकदा थांबली. फडक्यातला एक तुकडा मोडून तोंडात टाकला, जागेवर उभं राहून चावला, गिळला आणि पुढं चालू लागली.

निवृत्ती उंबऱ्यात उभा राहून बघत होता. तिचं हिरवं लुगडं केळीच्या पानांत मिसळलं, तरी तो बघत होता. मायचं घासलेलं ताट त्याच्या हातात तसंच होतं, उताणं, आणि ते कुठं ठेवायचं हे त्याला अजून सुचलं नव्हतं.